तिसरा पिवळा दिवा

मी वेळ मोजलेल्या शर्यतींपैकी सगळ्यांत लांबलेली शर्यत एकवीस सेकंदांत आटोपली. तीसुद्धा एकाची चेन मध्येच तुटली आणि तो नुसत्या उरलेल्या वेगावर घरंगळत आला म्हणून. बाकीच्या सगळ्या बारा-चौदा सेकंदांच्या. माणूस वर्षभर गाडीवर राबतो आणि आपल्याला चहा गाळून कपात ओतायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याचं काय ते ठरतं. ते ठरवणारी पेटी मी बनवत असे.

मुलुंडला एका औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर माझा गाळा होता. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं अंधेरीला एका निर्यात करणाऱ्या कंपनीत सोल्डरिंग तपासलं आणि मग स्वतःचं सुरू केलं. मी टायमर बनवायचे. बेकरीच्या भट्टीला, घाटकोपरच्या मुलामा देणाऱ्या कारखान्यांना, इस्पितळांतल्या अवजारं उकळायच्या यंत्रांना. अमुक मिनिटांनी चालू, तमुक मिनिटांनी बंद. अत्यंत नीरस वस्तू, पण बिघडली तर लगेच आठवण येते अशी. हळूहळू कारखाने शहराबाहेर गेले आणि माझी कामं आटली. तेव्हा एके दिवशी दळवी नावाचे गृहस्थ जिना चढून आले. मोटरसायकल शर्यतींच्या एका क्लबचे ते सेक्रेटरी.

"ताई, एक शतांश सेकंद मोजता येईल का?" त्यांनी विचारलं.

"एक सहस्रांश मोजते. पण कशाचा?"

त्यांना ड्रॅग रेसिंगसाठी घड्याळ हवं होतं. म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि चारशे दोन मीटर आधी कोण कापतो ते बघायचं. मुंबईपासून दोन-अडीच तासांवर एक बंद पडलेली धावपट्टी होती, तिथे हे चालायचं. मी बघायला गेले. एक माणूस दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून झेंडा खाली करत होता आणि दुसऱ्या टोकाला दोघं जण स्टॉपवॉच घेऊन उभे होते. दर दुसऱ्या शर्यतीला भांडण. झेंडेवाला ह्याचा मावसभाऊ आहे, त्याने ह्याच्याकडे बघून डोळा मारला, घड्याळवाल्याचा अंगठा जड आहे. दळवी घामाघूम.

मी घरी येऊन चार महिने खपले आणि त्यांना झाड करून दिलं. जगभर त्याला झाडच म्हणतात, कारण एका खांबावर दोन्ही बाजूंना दिवे लटकतात, डावे डाव्या गाडीसाठी, उजवे उजवीसाठी. त्याचं काम असं. सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत प्रकाशाचा एक अदृश्य किरण आडवा गेलेला असतो. पुढचं चाक किरणात आलं की वरचा छोटा दिवा लागतो, म्हणजे गाडी जागेवर. दोन्ही गाड्या जागेवर आल्या की माणसाचा हात न लागता यंत्र स्वतःच मोजणी सुरू करतं. एक पिवळा, दुसरा पिवळा, तिसरा पिवळा, मग हिरवा. प्रत्येकात अर्ध्या सेकंदाचं अंतर. हिरवा लागण्याआधी चाक किरणातून सुटलं तर लाल लागतो आणि तुम्ही बाद. मग तुम्ही विमानासारखे गेलात तरी उपयोग नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं की चालक हिरव्याची वाट बघतो. हिरवा दिसल्यावर क्लच सोडणारा आधीच हरलेला असतो. डोळ्याने बघायचं, हाताने सोडायचं, गाडीने जागा सोडायची, यात अर्धा सेकंद जातो. म्हणून मुरलेला चालक तिसरा पिवळा दिसताक्षणी सुटतो आणि त्याचं चाक किरणातून बाहेर पडेपर्यंत हिरवा लागलेला असतो. सगळी करामत त्या तिसऱ्या पिवळ्यावर आहे.

भांडणं थांबली. पूर्ण नाही. एकदा धावपट्टीवरचं कुत्रं बरोब्बर शेवटच्या किरणातून गेलं आणि फलकावर त्या वर्षातला सर्वांत कमी वेळ आला. तो चालक अजून म्हणतो की तो माझाच. दुसऱ्या एका हुशार माणसाने गाडीच्या पोटाखाली पत्र्याची पट्टी लावली होती. पुढचं चाक किरणातून सुटलं तरी पट्टी किरण अडवून धरत असे, म्हणजे लाल लागणार नाही. मी गुडघ्यांवर बसून पट्टी शोधली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, चिखल उडतो म्हणून लावलीय." धावपट्टीवर चिखल! पण यंत्रावर मात्र कोणी संशय घेत नसे. मी बाई, वयाने मोठी, कोणाची मावशी नाही की आत्या नाही. "लाईटवाल्या मॅडमने सांगितलं ना, मग झालं," असं पोरं म्हणायची. मला ते फार आवडायचं. आता कबूल करायला हरकत नाही.

बस्त्याव तिथेच भेटला. बोरिवलीच्या जुन्या गावठाणातला, घरची थोडी वाडी, बाप भाजी पिकवायचा. हा विमानतळावर मालाच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, कंत्राटावर. तेव्हा त्याचं वय अडतीस, म्हणजे शर्यतीतल्या मुलांमध्ये म्हाताराच. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, स्वतः घासून-पुसून तयार केलेली. पैसेवाल्यांच्या गाड्यांपुढे तिचा जोर कमी पडायचा, पण बस्त्यावचं सुटणं असं होतं की तो पहिल्या दहा मीटरांतच समोरच्याला मागे टाकायचा.

"बाय, तुझ्याकडे येऊन त्या दिव्यांची प्रॅक्टिस केली तर चालेल काय?" त्याने एकदा विचारलं. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो मला बाय म्हणायचा.

"चालेल की. कोणीही या."

बाकी कोणी आलं नाही, तो आला. शनिवारी दुपारी लिंक रोडने गाडी घेऊन यायचा, वाडीतली पडवळं नाहीतर भेंडी टेबलावर ठेवायचा. मी कामाच्या टेबलाला एक क्लचचा दांडा बसवून दिला होता आणि समोर झाड. तो स्टुलावर बसायचा, दिवे लागायचे, दांडा सोडायचा आणि आकडा उमटायचा. शंभरदा. दीडशेदा. मी शेजारी माझं काम करत असे. कधी मी म्हणायचे, "पुरे रे, माझं मीटर पळतंय," की हसून म्हणायचा, "अजून दहा, बाय. शेवटचे दहा." दोन वर्षांत त्याचा हात असा बसला की हिरव्यानंतर पाच शतांश, सहा, सहा, सात. घड्याळाला चावी द्यावी तसा. माझ्या त्या दिव्यांवर, माझ्या त्या बल्बांवर.

त्या वर्षी मोटरसायकली बनवणाऱ्या एका कंपनीने जाहीर केलं की बस्त्यावच्या गटात जो जिंकेल त्याला त्यांच्या संघात चाचणी-चालक म्हणून घेऊ. कायमची नोकरी. गाड्या चालवून बघायच्या आणि कुठे काय खटकतं ते सांगायचं. बस्त्यावसाठी याहून योग्य काम पृथ्वीवर नव्हतं. त्याची बायको रेजिना कधी शर्यतीला यायची नाही, त्या दिवशी ती आली. फुलाफुलांचा ड्रेस, डोक्याला रुमाल, हातात जपमाळ.

उपांत्य फेरीपर्यंत तो डाव्या बाजूने पळाला आणि सहज जिंकला. उपांत्य फेरीनंतर मी झाड तपासलं तर डाव्या बाजूचा तिसरा पिवळा दिवा लागेना. बल्ब गेला होता. मी झाडाला ट्रकच्या टेललॅम्पचे साधे बल्ब वापरायचे, कुठेही मिळतात म्हणून. जादा बल्बांची पेटी उघडली तर त्यातले दोन फुटलेले आणि एकाची तार तुटलेली. नवे आणायचे मी विसरले होते. पेटीच्या तळाशी त्याच मापाचा एक एलईडी बल्ब होता. कुर्ल्याच्या बाजारातून सहज बघायला म्हणून आणलेला. बसवला. पिवळ्या काचेमागून रंग तसाच दिसला. लागला, विझला. मी झाकण लावलं.

आमच्या नियमांत एक कलम होतं. दिव्यांत काही बदल केला तर दोन्ही चालकांना सांगायचं आणि एकेक चाचणी द्यायची. ते कलम मीच लिहिलं होतं.

कंपनीचे पाहुणे उन्हात बसले होते. दळवी सारखे घड्याळ बघत होते. "ताई, झालं का? आणखी किती?" मी म्हटलं, "झालं. घ्या."

अंतिम फेरीत उजव्या बाजूला घाटकोपरचा निमिष होता. सभ्य मुलगा, महागडी गाडी. दोघं जागेवर आले. पिवळा, पिवळा, पिवळा. बस्त्याव सुटला तो बाणासारखा, आणि डाव्या बाजूला लाल लागला. त्याने बघितला नाही, तो पुढेच गेला. शेवटच्या रेषेवर तो पहिला पोचला. आम्हाला लांबून त्याचा वर केलेला हात दिसला. इकडे रेजिना टाळ्या वाजवत होती, कारण लाल म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

फलकावर त्याच्या नावापुढे उणे चार शतांश आले होते.

दहा मिनिटांत तो हेल्मेट काखेत धरून माझ्या टेबलाशी आला. ओरडला नाही. "बाय, मी दिव्यावरच सुटलो."

"आकडा बघ ना, बस्त्याव. आधी सुटलास तू."

"दिवा लवकर लागला बाय आज. मला जाणवलं."

"दिवा लवकर कसा लागेल? यंत्राला तुझं-माझं कळत नाही."

आजूबाजूला मुलं उभी होती, कंपनीचा एक माणूस उभा होता. बस्त्यावने झाडाकडे बघितलं. मग म्हणाला, "लेखी तक्रार देऊ काय? अर्धा तास असतो ना?"

"देऊन काय होणार? मीच तपासणार आणि मी सांगतेय तुला."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "तू सांगतेस म्हणजे माझंच चुकलं असणार."

तो गेला. निमिषला हार घातला, फोटो निघाले.

आठ दिवसांनी गाळ्यात झाड पुसताना तो बल्ब पुन्हा हाताला लागला. मला का कोण जाणे तो बाजूला ठेवावासा वाटेना. एलईडी आणि साधा बल्ब दोन्ही शेजारी लावले, समोर प्रकाश ओळखणारे सेन्सर धरले आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघितलं. वीज दोघांना एकाच क्षणी दिली होती. एलईडीची रेघ भिंतीसारखी ताठ उभी राहिली. बल्बची रेघ मात्र चढावरून हातगाडी ढकलावी तशी रेंगाळत वर गेली. साध्या बल्बातली तार आधी तापते, मग उजळते. डोळ्याला ते समजत नाही, पण दोघांत जवळपास दहा शतांश सेकंदांचा फरक होता.

पहिल्या वर्षाच्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट. मला माहीत नव्हती असं नाही. त्या दिवशी ती मला सुचली नाही, इतकंच. बस्त्यावचा हात दोन वर्षं रेंगाळणाऱ्या बल्बावर बसला होता. मी त्याला न सांगता दिवा दहा शतांश सेकंद अलीकडे आणला. सहा शतांशांतून दहा वजा करा. उणे चार. त्याचा हात चुकला नव्हता. तो नेहमीसारखाच होता, अगदी नेमका.

मी दळवींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, कोणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला करता? त्या मुलाला पत्र गेलंय. कंपनी पुढच्या वर्षीही येणार आहे. आणि आज हे सांगितलं तर लोक म्हणतील, आधीच्या सगळ्या निकालांचं काय?"

त्यांना दोष देऊन मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. दळवींनी मला अडवलं नव्हतं, मी अडवून घेतलं. इतकी वर्षं सगळे म्हणत होते, लाईटवाल्या मॅडमने सांगितलं ना. ते ऐकायची मला सवय झाली होती.

पुढच्या मोसमाआधी मी झाडाचे सगळे दिवे एलईडी केले आणि चालकांना सूचना लावली की दिवे नवीन आहेत, अंदाज बदलेल, सराव करून घ्यावा. त्या सूचनेत एकही शब्द खोटा नव्हता.

बस्त्याव शनिवारी यायचा बंद झाला. मी एकदा फोन केला. "गाडी विकली बाय," तो म्हणाला. "डोळे तपासले. डॉक्टर बोलला, चांगलेत. मग हातच घाई करतो माझा. फोर्कलिफ्टपण सोडली. वर माल, खाली माणसं असतात. हातावर भरवसा नाही तर कशाला? आता पावत्या बघतो, बसून."

तेव्हा सांगता आलं असतं. फोन कानाला होता, दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काळजी घे रे."

चार वर्षं गेली. निमिष ती नोकरी वर्षभरात सोडून वडिलांच्या धंद्यात गेला, असं कानावर आलं. माझेही गुडघे कुरकुरायला लागले आणि मी गाळा बंद करायचं ठरवलं. क्लबने माझ्या जागी मृण्मयी नावाची इंजिनिअर मुलगी नेमली. तिला सगळं समजावून द्यायला मी आठवडाभर बसले होते. जुन्या निकालांच्या नोंदी चाळता चाळता ती थांबली.

"काकू, हा माणूस बघा ना. पाच, सहा, सहा, सात, आणि एकदम उणे चार? असं कसं होईल?" तिने वर बघितलं. "मध्ये दिवा बदलला होता का?"

तिला दोन मिनिटं लागली.

"हो," मी म्हटलं. मोठ्याने ते मी पहिल्यांदाच म्हटलं.

पुढच्या रविवारी मी बोरिवलीला गेले. गावठाणाच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथून डावीकडे त्यांचं घर. ते नुकतेच चर्चमधल्या मिसाहून आले होते. रेजिना आत आंबवलेल्या मैद्याचे फुगे तळत होती. बस्त्याव ओट्यावर बसला होता, केस बरेच पिकलेले. "बाय! किती वर्षांनी!" म्हणून त्याने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. बल्ब, कलम, दहा शतांश सेकंद. पडद्याचा काढलेला फोटो दाखवला.

त्याने फोटो हातात घेऊन त्या दोन रेघा बघितल्या. मग त्याने उजवा हात समोर धरला आणि बोटं उघडमीट केली.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"हो."

"नोकरी गेली ती गेली, बाय. ती तशीही कोणाला तरी मिळायचीच होती. पण मी चार वर्षं ह्या हाताला घाबरतो. पोरीला शाळेत सोडायला स्कूटर काढत नाही मी." आवाज चढवला नव्हता. "आत ये. रेजिनाला सांग. माझ्या तोंडून नको, तू सांग."

स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं. रेजिना झारा हातात धरून ऐकत होती. माझं झाल्यावर तिने गॅस बंद केला आणि एकच प्रश्न विचारला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

बस्त्यावने विचारलं नव्हतं. तो धरून चालला होता की आत्ता कळलं आणि मी धावत आले. मी त्याला तसं धरून चालू दिलं होतं.

"आठ दिवसांनी," मी म्हटलं. "शर्यतीनंतर आठ दिवसांनी."

बस्त्याव दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो बाहेर वाडीत निघून गेला. रेजिनाने गॅस पुन्हा लावला. मला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. कढईतला घाणा निघेपर्यंत मी तिथे उभी राहिले आणि मग माझी मीच निघाले.

क्लबला मी लेखी कळवलं. उत्तर आलं की तक्रारीची मुदत अर्धा तास असते, निकाल बदलता येणार नाही. ते कलमही मीच लिहिलेलं. मृण्मयीने मात्र त्या निकालाखाली चालकाचा दोष नव्हता अशी टीप तिच्या अधिकारात घातली आहे. एवढंच माझ्याने झालं, आणि तेही माझ्या हाताने नाही.

गेल्या महिन्यात मृण्मयीचा फोन आला. बस्त्यावने तिला विचारलं होतं की झाड सरावासाठी केव्हा लावता आणि बाहेरच्या माणसाला येता येईल का. त्याच्याकडे गाडी नाही. तिने टेबलाला क्लचचा दांडा बसवून दिला. आदल्या शनिवारी तो तीन तास बसला होता. पहिले वीस आकडे वाईट आले, ती म्हणाली, मग नऊ शतांश, आठ, आठ.

माझ्याबद्दल त्याने काही विचारलं का, हे मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.